सुई, पुडी आणि पिवळी गोळी

नामदेव,

कन्हानच्या काठावर तुला निरोप देऊन आज नववा दिवस. सगळे त्रिशरण म्हणत होते आणि मी तुझ्या थोरल्या भावाशेजारी उभा राहून नुसते ओठ हलवत होतो. तीस वर्षं तुझ्या घरी येतोय, पण ते पाठ करावं असं मला कधी सुचलं नाही. तू असतास तर कोपरानं ढोसून म्हणाला असतास, "तुले पावकी-निमकी पाठ, हे कायले होते बे."

त्या दिवशी लोक तुझ्याबद्दल भरभरून बोलले. तू दवाखान्यात खुर्चीतल्या खुर्चीत गेलास, समोर बाकावर रोगी बसलेले होते, हे जो तो असं सांगत होता की जणू प्रत्येक जण तिथं हजर होता. मग मलाही उभं केलं. 'नागपूरचे मोठे डॉक्टर, साहेबांचे जुने मित्र.' मी दोन-तीन मिनिटं बोललो. सेवाभाव, निष्ठा, साधेपणा असले धुऊन ठेवलेले शब्द एकापुढे एक मांडले आणि खाली बसलो. बसल्यावर माझीच मला किळस आली. मला एकच गोष्ट बोलायची होती आणि नेमकी तीच मी गिळली. म्हणून हे लिहितोय. तू वाचणार नाहीस हे मला कळतं. पन्नाशी उलटली असली तरी डोकं अजून ठिकाणावर आहे.

आपली मैत्री मुळात भांडणाची. मेडिकलला चिरफाडीच्या एकाच टेबलावर नंबर आला म्हणून ओळख झाली, नाहीतर धंतोलीचा मी आणि कामठीहून बसनं येणारा तू, आपण एकमेकांकडे पाहिलंही नसतं. मी सायकलवर दहा मिनिटांत यायचो आणि तरी उशिरा. तू तासभर आधी घरून निघून माझ्या आधी हजर. पहिल्याच आठवड्यात तू मला 'आकडेशास्त्री' नाव ठेवलंस, कारण कुणी काहीही सांगितलं की 'किती जणांत किती?' असं विचारायची मला खोड होती. "अन् घरी जेवताना आईले विचारतो का, किती पोळ्यांत किती कच्च्या?" असं तू सगळ्यांसमोर म्हणाला होतास. मला राग आला होता, पण हसूही आलं होतं.

तू पहिल्यांदा आमच्या घरी आलास तेव्हा आईनं तुला वेगळ्या कपात चहा दिला. कान तुटलेला कप. तू चहा प्यायलास, मोरीवर जाऊन कप विसळलास, पालथा घातलास आणि आईला म्हणालास, "चहा बढिया झाला, काकू." मी तिथंच उभा होतो. तोंड उघडलं नाही. बाहेर पडल्यावर तू मला काही बोलशील म्हणून मी रस्ताभर वाट पाहिली आणि तू परीक्षेबद्दल बोलत राहिलास. पुढं त्याच आईला लकवा झाला तेव्हा तू दर रविवारी कामठीहून येऊन तिला बसती करायचास, हातापायाची हालचाल करवायचास. शनिवारपासूनच ती विचारायची, "नामदेव उद्या येणार आहे ना?" त्या कपाबद्दल मी तुझ्याशी कधी बोललो नाही, आणि तूही नाही. आपल्यात न बोललेल्या गोष्टींचा ढीग तिथून साठायला लागला असावा.

पण मला बोलायचंय ते त्या कागदाबद्दल.

चौदा वर्षं झाली असतील. आपण दोघंही तेव्हा टीबीच्या विभागात. तू कामठीच्या सरकारी दवाखान्यात रोगी पाहायचास, गल्लोगल्ली फिरायचास. मी नागपुरात कार्डं, तक्ते आणि आकडे सांभाळायचो. विदर्भातल्या सगळ्या सरकारी दवाखान्यांसाठी टीबीच्या उपचाराचं एक पत्रक काढायचं ठरलं. एकच पान, मराठीत, भिंतीवर लावता येईल असं. रोगी आला की आधी काय द्यायचं, त्यानं भागलं नाही तर पुढं काय. चार जणांची समिती नेमली. वरचे दोघं साहेब चहापुरते यायचे. काम मी करत होतो आणि भांडायचं काम तुझ्याकडे होतं.

हाताशी उपाय तीन. एक सुई. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात यायचं, सुई टोचून घ्यायची आणि सोबतच्या गोळ्या तिथंच, सिस्टरच्या डोळ्यांसमोर गिळायच्या. दुसरा उपाय पुड्यांचा. घरी न्यायच्या, रोज घ्यायच्या, आणि त्या इतक्या कडू आणि इतक्या जास्त की पोट ढवळून निघायचं. तिसरी पिवळी गोळी. रोज एक, घरीच, स्वस्त आणि सुटसुटीत. कुणाकुणाच्या अंगावर तिनं चट्टे उठायचे, पण बऱ्याच जणांना पचायची.

खरा प्रश्न होता सुई आधी द्यायची की पिवळी गोळी. आणि या दोघींची समोरासमोर तुलना कुणी केलेलीच नव्हती. दुसऱ्या एका शहरातल्या मोठ्या इस्पितळानं सुई आणि पुड्या यांची केली होती. तिथं सुई थोडीशी सरस निघाली. आपल्याकडे मी पुड्या आणि पिवळी गोळी यांची केली होती. इथं गोळी पुड्यांपेक्षा बरीच सरस. मग मी मधल्या पुड्यांना धरून दोन्ही टोकं जोडली. सुई पुड्यांच्या थोडी वर, गोळी पुड्यांच्या बरीच वर, म्हणजे गोळी सुईला भारी नसली तरी कमी नक्कीच नाही. मला माझं ते गणित इतकं आवडलं होतं की मी ते दोनदा स्वच्छ अक्षरात उतरवून काढलं. त्यातल्या मोठ्या साहेबांना दाखवलं. साहेब म्हणाले, "वा. मग गोळीच आधी. सोपं झालं."

तू कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिलास. "गोळी सुईच्या बरोबरीची? काहीतरी गडबड आहे गा, श्रीधर. मी रोज पाहून राहिलो ना."

"तुझ्या पाहण्यावर पत्रक निघत नाही," मी म्हणालो.

"तं मंग तू येऊन पाह्य."

म्हणून तू मला कामठीला नेलंस. बुधवार होता. मी वाटेत कुरकुर करत होतो, ऊन होतं, आणि तू मुद्दाम मला लांबच्या वाटेनं नेतोयस असं मला वाटत होतं. ती गल्ली हातमागांची. दोन्ही बाजूंनी खटखट, बोललेलं ऐकू येऊ नये अशी. पार्बताबाईचं घर शेवटून दुसरं. ती दारातच कांड्या भरत बसली होती, म्हणजे मागाला लागणारं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळत होती. आत खाटेवर तिची मुलगी, देवका. बाविशीची असेल. छातीचा रोग निघाला म्हणून सासरच्यांनी एका पेटीसकट माहेरी आणून सोडलेली. तिनं उठून बसायचा प्रयत्न केला, तर तू तिला म्हणालास, "राहू दे वं, हे काही तुले पाहाले आलेले पाहुणे नाहीत." ती हसली. हसताना खोकला आला.

मग तू पार्बताबाईला म्हणालास, "बाई, तो डबा दाखवा साहेबाले."

तिनं बुद्धाच्या तसबिरीजवळच्या फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला. झाकण उघडलं. आत पुड्या. आपल्याच पुड्या, आठवड्या-आठवड्याच्या सुतानं बांधलेल्या जुड्या, एकावर एक रचलेल्या. एकही ओली नाही, एकही फाटलेली नाही.

"पोरीच्या पोटात ठरत नाही जी," ती म्हणाली. "पहिल्या दिसापासून उलटी. पन डॉक्टरनं देल्लं औषध हाय, सरकारी हाय, फेकाव कसं? म्हनून जपून ठेवलं."

"मग दर बुधवारी आणायला कशाला येत होतात?" मी विचारलं.

"नाही आलो तं नाव कापतीन ना."

नागपुरात माझ्या कपाटात देवकाचं कार्ड होतं. एकही बुधवार न चुकलेलं. कारण पुडी हातात दिली की खूण करायची, ही सूचना माझीच होती. असल्या कार्डांवर मी पुड्यांचा निकाल काढला होता. त्या गल्लीत असे डबे किती घरांत होते ते तू मला परत जाताना दाखवत नेलंस. मी तिसऱ्या घरानंतर आत जाणं बंद केलं.

बसमध्ये तू माझ्या शेजारी बसलास. तू चिडलेला नव्हतास. उलट तुला माझी दया आल्यासारखं वाटत होतं आणि तेच मला सहन होत नव्हतं. तू समजावून सांगितलंस, जणू मी पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. तिकडच्या इस्पितळात रोगी वॉर्डात भरती होते. सिस्टर डोक्याशी उभी राहून पुडी गिळवत होती. तिथल्या पुड्या पोटात गेल्या, म्हणून त्यांनी सुईला चांगली टक्कर दिली. आपल्या पुड्या फळीवर. "दोन्हीकडे नाव पुडीच बे, पण चीज एक नाही. तुझ्या गोळीनं कोणाले हरवलं सांगू? त्या डब्याले हरवलं. अन् डब्याले हरवून ती सुईच्या बरोबरीले जाऊन बसली."

मला ते तिथंच कळलं, नामदेव. कामठीचा पूल यायच्या आत कळलं होतं. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की त्या वेळी नीट उमगलं नव्हतं. खोटं आहे ते. मी मूर्ख नव्हतो. मूर्ख असतो तर आज हे लिहायची पाळी आली नसती.

पुढचा आठवडा आपण भांडलो. तुझं म्हणणं, सहा महिने द्या. कामठीतच सुई आणि गोळी समोरासमोर उतरवू, कोणाला काय मिळेल ते चिठ्ठ्या टाकून ठरवू, आणि गोळी पोटात जाते की नाही ते घरी जाऊन पाहू. माझं म्हणणं, सहा महिने लोकांनी खोकत बसायचं का? जंगलातल्या खेड्यात ना सिस्टर, ना सुई उकळायला धड स्टोव्ह. तिथला माणूस आठवड्यातून दोनदा येणार कसा? त्याला गोळीच बरी. हे मला आजही पटतं. या भांडणात मी निम्मा बरोबर होतो, आणि ते तूही मान्य केलंस.

"हाव ना. मंग तसंच लिही. सुई मिळत असंन तं सुई, नसंन तं गोळी."

"पत्रकावर जर-तर लिहिलं की कुणीच काही करत नाही. एक हुकूम पाहिजे."

"रोगी एक हुकमानं आजारी पडून राहिले का बे?"

शेवटी तू खाली खाली येत एका ओळीवर आलास. पत्रकाच्या तळाशी एवढंच छापायचं: सुई आणि पिवळी गोळी यांची समोरासमोर तुलना झालेली नाही, डॉक्टरने रोगी पाहून ठरवावे. मी म्हणालो, ठीक. ओळ घातली. तू ती वाचलीस, बोट ठेवून वाचलीस, आणि खाली सही केलीस. आपल्या दोघांच्या सह्या एकाखाली एक.

नंतर कागद घेऊन मी एकटाच साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, "ही ओळ कशाला? लोक विचारतील, झाली नाही तर करा की आधी." आणि माझ्याकडे पाहत राहिले. ते खोडा म्हणाले नाहीत. पेन माझ्या खिशातून मीच काढलं. तुझ्या सहीच्या वरची ओळ मी तुझी सही झाल्यावर खोडली आणि कागद छापखान्यात पाठवला.

छापील पत्रक हातात आलं तेव्हा तू उभा राहून वाचलंस. मी वाद घालायची तयारी करून बसलो होतो. तू एवढंच म्हणालास, "ती ओळ तू मांडली असती तं राहिली असती." मी म्हणालो, तसं काही नाही रे. तसंच होतं. आपल्या दोघांनाही ठाऊक होतं.

पत्रक निघालं तशा सुया पत्रकाप्रमाणे वाटल्या गेल्या. कामठीला आधी गोळी, ती लागू पडली नाही तरच सुई, आणि सुईला नागपूरची मंजुरी. मंजुरी म्हणजे मी. महिन्याभरात तू माझ्या खोलीत आलास. दुपारची वेळ होती, मी डबा खात होतो. तू देवकाचा अर्ज पुढं ठेवलास.

"हिले सुई पाहिजे. आताच पाहिजे. पुड्या पोटात गेल्याच नाहीत, ते तू डोळ्यानं पाह्यलं. वजन उतरून राहिलं तिचं."

"पत्रकात आधी गोळी आहे. तीन महिने होऊ दे."

"पत्रक तूच लिहिलं ना?"

"म्हणूनच. एकीला दिली तर उद्या सगळे येतील. मीच मोडलं तर पाळणार कोण?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी पोळीचा तुकडा मोडत होतो. तू अर्ज उचललास, चार घड्या करून खिशात घातलास आणि दार हळूच ओढून घेऊन गेलास. दार आपटलं असतंस तर मी कदाचित तुझ्या मागं धावलो असतो. की हीसुद्धा मी स्वतःला सांगत आलेली गोष्ट आहे, कुणास ठाऊक.

गोळीनं तिला सुरुवातीला जरा बरं वाटलं. मला तेवढंच हवं होतं. मग तिसऱ्या महिन्यात रक्त पडलं. सुई मंजूर झाली, त्याच दिवशी केली मी. दिवाळीच्या आधी ती गेली.

तू सांगायला आलास तेव्हा मी काय बोललो ते आठवतं? मला आठवतं. मी म्हणालो, "वाईट झालं. पण एका रोग्यावरून काही सिद्ध होत नाही. आधी सुई दिली असती तर गेली नसतीच, असं म्हणता येत नाही." शास्त्र म्हणून वाक्य बरोबर आहे. आजही कोणत्याही परीक्षेत मला त्यावर पूर्ण गुण मिळतील.

"हाव," तू म्हणालास. "बरोबर आहे." आणि टोपी घालून निघून गेलास.

नंतर वर्षभरात तू सरकारी नोकरी सोडलीस आणि कामठीतच तुझा छोटा दवाखाना घातलास. मी समित्यांवर चढत गेलो. आपलं पत्रक पुढं बदललं, कारण कुणीतरी दुसरीकडे ती तुलना खरोखर केली आणि तू म्हणत होतास तेच निघालं. नव्या पत्रकावरही माझी सही आहे. आता तर नवीच औषधं आलीत, त्या तिन्हींचं नावही पोरं घेत नाहीत. आपण भेटत राहिलो. तुझ्या पोरीच्या लग्नात मी पंगतीत वाढलं. तू आईच्या तेराव्याला आलास. तो कागद मात्र तू पुन्हा कधी काढला नाहीस, आणि मी समजलो, तू विसरलास. एवढं सोयीचं समजायला मला काहीच कष्ट पडले नाहीत.

परवा मी वहिनींना भेटायला गेलो. घर शांत होतं. कमलवहिनींनी चहा केला, समोर बसल्या. बोलता बोलता मीच म्हणालो, त्या मागांच्या गल्लीतले लोक फारसे दिसले नाहीत अंत्ययात्रेत, तर त्यांनी विचारलं, "तुमाले ठाऊक नाही का, भाऊ?"

मला ठाऊक नव्हतं. देवकाला पोचवून आल्यावर दुसऱ्याच दिवशी तू पार्बताबाईच्या दारात गेला होतास. उभ्यानंच तिला म्हणालास, बाई, आमची चूक झाली, तुमच्या पोरीले आम्ही सुई उशिरा देल्ली. त्या बाईनं टाहो फोडून सारी गल्ली गोळा केली. लोक तुला नाही नाही ते बोलले. आपल्याच माणसानं आपल्या पोरीला मारलं, असंही बोलले. पुढं कित्येक वर्षं त्या गल्लीतून कुणी तुझ्या पायरीला आलं नाही. मोसंबी-केळी घेऊन तू आजाऱ्याला पाहायला गेलास तर दारं लागायची.

"त्यानं माझं नाव?" मी विचारलं.

"नाही घेतलं. मी म्हटलं होतं जी त्याहिले, सांगा ना की श्रीधरभाऊंनी नाही म्हटलं. तं म्हणे, कागदावर आमा दोघाच्या सह्या आहेत. एकाची कशी सांगू."

माझ्या हातात कप होता. तो मी खाली ठेवला की नाही ते मला आठवत नाही. तुझी सही मी तुझ्या वाक्याखालून काढून माझ्या वाक्याखाली लावली होती, नामदेव. ती चोरी होती. आणि तू त्या चोरलेल्या सहीला चौदा वर्षं जागलास. मी तुला साधू म्हणणार नाही, तुला तो शब्द आवडायचा नाही. मला तुझा रागच आला, खरं सांगतो. तू येऊन माझी कॉलर धरायला हवी होतीस. ते माझ्यावर उपकार झाले असते. तू मला न बोलून सोडून दिलंस आणि मी सुटलो असं समजून जगलो.

काल मी पार्बताबाईकडे गेलो. रस्ता विचारावा लागला नाही. आता तिथं हातमाग नाहीत, वीज आलीय, खटखट आणखी मोठी झालीय. म्हातारी दारात बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू. मला ओळखलं नाही. मी नाव सांगितलं, त्या वेळी डॉक्टरबरोबर घरी आलो होतो ते सांगितलं. मग खाली ओट्यावर बसलो आणि एका दमात सगळं बोललो. की पोरीला सुई उशिरा मिळाली ती डॉक्टरमुळे नाही. डॉक्टर तिच्यासाठी अर्ज घेऊन माझ्याकडे आले होते. नाही म्हणणारा मी.



"मंग तवाच काहून नाही आले तुमी?"

"हिंमत झाली नाही, बाई."

"त्याची तं झाली," ती म्हणाली.

मी मान खाली घातली. ती शिव्या देईल, गल्ली गोळा करेल, म्हणून मी थांबलो. मला ते हवं होतं, त्याचसाठी मी गेलो होतो. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. पदराचं टोक हातात गुंडाळत ती रस्त्याकडे तोंड करून बसली आणि हळूहळू तिचा चेहरा रडवेला झाला.

"भर उनाचा आला होता तो त्या दिशी," ती म्हणाली. "उभाच होता इथं. म्या त्याले पानी बी नाही इचारलं. आता कोनाले इचारू?"

ती तुझी माफी मागत होती, नामदेव. मी शेजारी बसून ऐकत होतो.